गुरुजींचे तीन प्रश्न आणि शेवयाचं मशीन

आप्पासाहेबांच्या किराणा दुकानात आमोस गुरुजी चहा पावडरचा पुडा हातात धरून उभे होते आणि मनातल्या मनात त्याच्याशी बोलत होते. बाजाराचा दिवस होता. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

“गुरुजी, बांधू का?” आप्पासाहेबांनी पुन्हा एकदा विचारलं.

“थांबा. अजून ठरलं नाही.”

“मंग तुमी तिकडं पोत्यावर बसून ठरवा. तवर मी ह्यांचं बघतो.”

गुरुजी मुकाट्याने पोत्यावर बसले. दिवाळीच्या सुमाराला नगरला सेवानिवृत्त शिक्षकांचा मेळावा झाला होता. तिथे एका तरुण बाईंनी विचारपूर्वक खरेदी या विषयावर व्याख्यान दिलं आणि तेव्हापासून गुरुजी पहिल्यासारखे राहिले नव्हते. बाई म्हणाल्या होत्या, कुठलीही वस्तू घेण्याआधी तिला तीन प्रश्न विचारा. तुझी मला गरज आहे का? तुझ्यावाचून माझं अडतं का? तुझ्यासारखं दुसरं घरात आहे का? बाकीचे शिक्षक जेवणाच्या रांगेकडे डोळे लावून बसले होते, गुरुजींनी मात्र ते सगळं मनावर घेतलं. जन्मभर त्यांनी पोरांना प्रश्न विचारले होते. निवृत्त झाल्यावर प्रश्न विचारायला कुणी उरलं नव्हतं, आणि आता एकदम आप्पासाहेबांचं अख्खं दुकान त्यांच्या तावडीत सापडलं.

त्या दिवशी तिसऱ्या प्रश्नावर गाडी अडली. घराच्या मागे गवती चहा होता. तो चहासारखा धरायचा की नाही, याचा निकाल लागेना, म्हणून गुरुजी रिकाम्या हातानेच घरी आले. जुन्या पँटची शिवलेली पिशवी त्यांच्या खांद्याला होती. पँटचा खिसा तसाच ठेवला होता, त्यात ते दुकानात सुट्टे पैसे ठेवत.

दयाबाईंनी पिशवीत हात घालून पाहिला. “विचार करून आना म्हन्ले हुते,” त्या म्हणाल्या, “तुमी नुसता विचारच घेऊन आला.”

दयाबाई बोलल्या तेवढंच. नवऱ्याच्या डोक्यात काही शिरलं की ते आपोआप बाहेर पडेपर्यंत वाट पाहायची, ही त्यांची जुनी रीत होती. पण या वेळी ते बाहेर पडण्याऐवजी गावात पसरू लागलं. गुरुजी दुकानाच्या पायरीवर उभे राहून प्लॅस्टिकच्या पिशव्या नेणाऱ्यांना अडवत. भजी आणायला घरून डबा नेत. शेवटी एका रविवारी चर्चमधल्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याला काय शिकवलं ते सांगायला, उभे राहिले आणि सगळ्या मंडळीसमोर जाहीर करून बसले, की पुढच्या वर्षीच्या हंगामाच्या सणापर्यंत पोटाला लागेल त्याखेरीज एकही वस्तू, नवी किंवा जुनी, मी विकत घेणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या फार वाईट, त्या वाजल्या की माणसाला मागे फिरता येत नाही.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी दयाबाई पारनेरला बहिणीकडे गेल्या. बहिणीची मुलगी अश्विनी गरोदर होती, तिला काही जिरत नव्हतं, मावशीच्या हातचं हवं होतं. घरात गुरुजी एकटे राहिले आणि हंगामाचा सण तोंडावर आला.

तिसगावात या सणाला मंडळीतली माणसं शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणून ठेवतात. बाजरी, कांदे, तूर, कोंबड्या, एखादं करडू. उपासना झाली की चर्चच्या पटांगणात त्याचा लिलाव होतो. घेणाऱ्याला मन झालं तर तो घेतलेली वस्तू घरी न नेता “परत देवाला” म्हणतो, मग ती पुन्हा लिलावात येते. एखादं लिंबू असं पाचसहा वेळा विकलं जातं. यंदा पाळकसाहेबांनी आणखी एक सूचना केली होती. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी घरातली चांगल्या अवस्थेतली, पण वापरात नसलेली वस्तू आणावी.

गुरुजींना हे आपल्यासाठीच सांगितलं असं वाटलं. व्याख्यानातल्या बाईंनी दुसरंही एक सूत्र दिलं होतं. जी वस्तू सहा महिन्यांत वापरली नाही, ती जो वापरेल त्याला द्या. गुरुजींनी शिडी लावली आणि ते माळ्यावर चढले. धुळीने शिंकत शिंकत त्यांनी खाली काय काय काढलं. दोन मोठी पातेली, एक कंदील, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं शेवयाचं मशीन.

मशीन लोखंडी होतं, भक्कम. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात दयाबाईंनी ते नगरहून एसटीच्या टपावर टाकून आणलं होतं. दर उन्हाळ्यात ते अंगणातल्या खाटेला आवळलं जाई आणि गल्लीतल्या बाया आपापलं पीठ घेऊन येत. शेजारची हेलन येई, मागच्या मळ्यातल्या राहीबाई सुना घेऊन येत. एकीने पीठ घालायचं, एकीने दांडा फिरवायचा, एकीने शेवया काठीवर वाळत टाकायच्या, आणि सगळ्यांनी मिळून बोलायचं. गुरुजींना तो कलकलाट सोसत नसे. ते दिवस ते वाचनालयात काढत आणि अंगण शांत झालं की परत येत. शेवया उन्हाळ्यात आपसूक घरात येतात, अशीच त्यांची समजूत होती.

त्या मशीनच्या जाळीत एक दोष होता. एकदा पीठ अडकलं म्हणून दयाबाईंनी खिळ्याने टोकरलं, तेव्हा एक भोक मोठं झालं. तेव्हापासून बारीक शेवयांच्या प्रत्येक जुडीत एक जाड शेवई निघे. खीर झाली की ती जाड शेवई नेमकी गुरुजींच्या वाटीत सापडे, आणि गुरुजी दर वेळी म्हणत, “दया, ती जाळी बदलून आण. दहा वेळा सांगितलं.” त्या काळी त्यांची वस्तूंशी बोलणी सुरू झाली नव्हती.

माळ्याखाली उभं राहून गुरुजींनी हिशेब केला. मशीन वैशाखात वापरलं होतं. आता डिसेंबर. सहा महिने कधीच होऊन गेले. दयाबाईंना फोन करून विचारावं, असं एकदा मनात आलंही होतं. पण नियम असताना विचारायचं कशाला, असं म्हणून त्यांनी मशीन पुसून चकचकीत केलं आणि सणाच्या सकाळी देवापुढे नेऊन ठेवलं.

“दयाबाईनी मशीन दिलं व्हय?” हेलन चकित झाली.

“आम्ही दोघांनी,” गुरुजी म्हणाले.

पाळकसाहेबांनी प्रार्थनेत गुरुजींचं नाव घेऊन उपकार मानले. गुरुजींनी नम्रपणे मान खाली घातली. ती मान नम्रतेने खाली जाण्याची त्या दिवशीची शेवटचीच वेळ होती.

पटांगणात बन्सीने लिलाव सुरू केला. बन्सी दरवर्षी लिलाव पुकारी, त्याचा आवाज वेशीपर्यंत जाई. कोंबडा दोनदा “परत देवाला” होऊन तिसऱ्यांदा विकला जात होता, तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला.

“आवो, मी उद्या येते,” पलीकडून दयाबाई बोलत होत्या. “अश्विनीला दुसरं काय जात न्हाई, शेवयाची खीर तेवढी पोटात ऱ्हाती. आपल्या घरच्या शेवया सरल्या. आले की लगेच करते, थंडीचं ऊन बी चांगलं हाय. तेवढं मशीन माळ्यावरनं काढून तेल देऊन ठेवा.”

“हो,” गुरुजी म्हणाले.

“हो म्हन्ता पर आवाज का असा येतोय?”

“कोंबडा ओरडतोय,” गुरुजींनी सांगितलं आणि फोन ठेवला.

देवापुढे ठेवलेली, प्रार्थना झालेली वस्तू उचलून घरी न्यायची सोय नव्हती. लिलावात विकत घेतली तर चालणार होतं, पण विकत घ्यायला तोंड कुठे ठेवलं होतं? त्यांनी हेलनला बाजूला घेतलं.

“हेलन, ते मशीन तू बोली लावून घे. कितीला का जाईना. पैसे मी देतो. पण माझं नाव कुठे यायला नको. कुणाला बोलायचं नाही.”

हेलनने त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. “समजलं गुरुजी,” ती म्हणाली. काय समजलं, ते गुरुजींनी विचारलं नाही. आयुष्यात इतके प्रश्न विचारलेल्या माणसाने नेमका हवा तिथे एक प्रश्न विचारायचा राहू दिला.

इतक्यात कुणीतरी हेलनला जेवणाचं पातेलं उतरवायला बोलावलं. ती गेली आणि बन्सीने नेमकं मशीन उचललं. गुरुजी कासावीस झाले. शेजारी टेम्पोवाला कानिफनाथ उभा होता. तो मंडळीतला नव्हता, पण दरवर्षी लिलावात धान्य घ्यायला येई. गुरुजींनी त्याच्या कानाशी लागून तीच विनवणी केली. माझ्यासाठी घे, पैसे मी देतो, बोलू नको.

“घेतलं म्हनून समजा,” कानिफनाथ म्हणाला आणि त्याने बोली लावली.

त्याच क्षणी हेलन पदराला हात पुसत आली आणि तिने त्याच्यावर बोली चढवली.

कानिफनाथने मान वळवून पाहिलं. एका बाईने आपल्यावर चढावं, हे त्याला आवडलं नाही. त्याने आणखी चढवलं. हेलननेही. लोक जवळ सरकले. गुरुजी दोघांच्या मध्ये उभे होते आणि दोन्ही बाजूंनी त्यांचेच पैसे ओरडत होते. त्यांनी कानिफनाथकडे पाहून ‘थांब’ अशा अर्थाने पंजा दाखवला. कानिफनाथने पाच बोटं पाहिली, मान डोलावली आणि आकडा पाचशेने वर नेला. पटांगणात एकच हशा आणि टाळ्या. गुरुजींनी घाईने हात खिशात घातला. मग त्यांनी हेलनकडे पाहून मान हलवली. हेलनला वाटलं, गुरुजी म्हणताहेत हार मानू नकोस.

“एवढ्याला तर नवं येतंय की, घंट्या-बिंट्या लावून,” कुणीतरी म्हणालं.

“काय तरी असंल त्याच्यात,” दुसरा म्हणाला. “गुरुजींच्या घरचं हाय.”

शेवटी कानिफनाथने हात टेकले. गुरुजींच्या जवळून जाताना तो कुजबुजला, “माफ करा गुरुजी. त्या बाईच्या अंगात वारं आलंय. तुमचे पैशे वाचवले मी.” आणि आपलं धान्याचं पोतं टेम्पोत टाकून तो निघून गेला.

गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. पैसे गेले ते गेले, मशीन तर राहिलं. हेलन पुढे झाली. बन्सीने मशीन तिच्या हातात ठेवलं. तिने ते छातीशी धरलं, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “परत देवाला.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजी गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचले. “हेलन, हे काय केलंस?”

“तुमच्या मनातलंच केलं,” हेलन हळूच म्हणाली. “तुमी सोत्तासाठी काय घेत न्हाई, हे साऱ्या तिसगावाला ठाव हाय. मंग गुपचूप घे म्हन्ला, म्हंजे गुप्तदानच असनार. आधी मशीन दिलं, आता वर पैशे दिलं. मी कुनाला बोलनार न्हाई, गुरुजी.”

तिला काय सांगणार? मशीन पुन्हा बन्सीच्या हातात होतं. लोकांचं लक्ष आता रश्श्याच्या वासाकडे गेलं होतं, बोली लावायला कुणी पुढे येईना. एक पाहुणा माणूस, नेवाशाकडचा, उभा होता. भीमा त्याचं नाव. सणासाठी तो तिसगावच्या मेव्हण्याकडे आला होता. त्याने सहज म्हणून एक आकडा सांगितला.

“एक वार,” बन्सी ओरडला. “दोन वार.”

गुरुजींनी हात वर केला. सगळ्या मंडळीसमोर, चांगला कोपरापासून सरळ वर केला.

बन्सीने पाहिलं. “गुरुजी, जरा दम धरा. साक्ष जेवनाच्या आधी घेऊ,” तो म्हणाला. “तीन वार. पाव्हन्याचं झालं.”

त्या हातात बोली असू शकते, हे पटांगणातल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. पाळकसाहेब हसून म्हणाले, “या गुरुजी, बोला. तुमचं ऐकायला सगळेच उत्सुक आहेत.” लोकांनी वाट करून दिली. गुरुजी पुढे जाऊन उभे राहिले. भीमा मशीन मोटारसायकलच्या मागे दोरीने आवळत होता. एकच वाक्य बोलायचं होतं. ते मशीन माझ्या बायकोचं आहे आणि मी तिला न विचारता दिलंय, एवढंच. गुरुजींनी तोंड उघडलं. समोर आदराने वर झालेले चेहरे होते, मागच्या टाळ्या अजून कानात होत्या, आणि जिभेला सवय होती तेच निघालं. ते गरज आणि हाव यांतल्या फरकावर बोलले. ते बोलत असतानाच मोटारसायकल सुरू झाली, वळली आणि दिसेनाशी झाली. भाषण नेहमीपेक्षा चांगलं झालं, आणि हेच त्यांना पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दयाबाई एसटीतून उतरल्या तेव्हा हेलन स्टँडवरच भेटली. त्यामुळे गुरुजींनी रात्रभर जुळवलेली वाक्यं वाया गेली. दयाबाईंनी घरात येऊन पाय धुतले, माळ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या चुलीशेजारी बसल्या.

“मला इचारायचं हुतं,” त्या म्हणाल्या.

“अगं, सहा महिन्यांत वापरलं नव्हतं ते.”

“उन्हाळा वरसातनं एकदाच येतो. त्याला मी काय करू?”

दयाबाई रडल्या असत्या, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अश्विनीसाठी दुकानातून शेवयांचं पाकीट आणायला सांगितलं. गुरुजी ते प्लॅस्टिकचं पाकीट घेऊन आले. त्या दिवशी त्यांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

“नवं मशीन आणूया का?” त्यांनी आठवड्याने चाचरत विचारलं.

“नको. तुमची शपथ मोडंल,” दयाबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

होळी झाली. राहीबाई नेहमीप्रमाणे मळ्यातून आल्या आणि अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. “दया, गहू ओलवून ठिवू का? कवा बसायचं?”

“मशीन न्हाई आता, राहीबाई.”

“न्हाई? मंग?”

मग काय, ते राहीबाईंच्या सुनेने, निकिताने, मोबाईलवर शोधून काढलं. चार दिवसांनी भलंमोठं खोकं आलं. त्यात फुगे भरलेलं प्लॅस्टिक, त्याच्या आत थर्माकोल, आणि त्याच्या आत इवलंसं मशीन. हेलनने आप्पासाहेबांकडून दुसरं घेतलं. तिसरीने दोघींचं पाहून घेतलं. महिन्याभरात गल्लीत घर तिथं मशीन झालं. कुणाचा दांडा पहिल्याच पिठाला मोडला, कुणाची जाळी वाकली, आणि कचऱ्याच्या ढिगावर खोक्यांशेजारी मोडकी मशीनंही दिसू लागली. गुरुजी दारोदार हिंडले. अहो, सगळ्यांत मिळून एकच ठेवा, आळीपाळीने वापरा, असं विनवत राहिले.

“एकच हुतं की गुरुजी,” निकिता म्हणाली. “तुमीच दिलं ना?”

आप्पासाहेबांनी तर एक दिवस त्यांना हाक मारून खुर्ची दिली. “गुरुजी, बसा. चहा घ्या. तुमच्या कृपेनं यंदा मशिनी लई खपल्या. पुढच्या सालाला कुरडईचे सोरे आनायचा विचार हाय. तुमच्या माळ्यावर सोऱ्या हाय का वो?”

गुरुजी चहा तसाच ठेवून उठले.

वैशाख आला तसं अंगण रिकामंच राहिलं. खाट भिंतीला उभी टेकवलेली होती. प्रत्येक घरातून आत कुठेतरी एकेकट्या मशीनचा आवाज येई, बोलण्याचा येत नसे. वाचनालयात पळून जायची गरज उरली नव्हती. गुरुजी ओसरीवर पुस्तक घेऊन बसत आणि पान उलटत नसे. दयाबाई दुपारी दाराशी येऊन अंगणाकडे बघत उभ्या राहत, मग आत जाऊन आडव्या होत. पूर्वी या दिवसांत त्यांना आडवं व्हायला वेळ मिळत नसे. आपण बायकोकडून एक लोखंडी वस्तू नाही, तर अख्खा उन्हाळाच उचलून नेला, हे गुरुजींना आता कळत होतं आणि ते आतून झुरत होते.

शेवटी त्यांनी बन्सीकडून भीमाचा पत्ता घेतला आणि पँटची पिशवी खांद्याला लावून नेवाशाची एसटी पकडली. मशीन मागून घ्यायचं, हवे तेवढे पैसे द्यायचे, शपथ मोडली तर मोडू दे. लिलावात न बोललेलं ते एक वाक्य त्यांनी वाटेत इतक्यांदा म्हटलं की शेजारच्या प्रवाशाने जागा बदलली.

भीमाचं घर नदीच्या बाजूला होतं. फाटकापाशीच त्यांना ओळखीचा कलकलाट ऐकू आला. अंगणात खाटेला मशीन आवळलेलं, भोवती बाया बसलेल्या, काठ्यांवर शेवया लोंबत होत्या. भीमाची आई आक्काबाई पीठ घालत होती.

“कोन पायजे?”

“मी तिसगावचा. आमोस मास्तर. ते मशीन…”

“तुमीच व्हय ते?” आक्काबाईचा चेहरा फुलला. “लई पुन्याचं काम केलं बघा, मास्तर. आमच्या वस्तीत कुनाकडंच नव्हतं. बाया तालुक्याला जाऊन इकत आनायच्या. आता समद्या हितंच बसत्यात. बसा. बसा म्हंजे तसं न्हाई, हितं बसा. दांडा फिरवा जरा, हिचा हात भरून आलाय.”

गुरुजींनी दांडा धरला. तो वाटला त्याच्या दुप्पट जड होता. चार फेरे झाले आणि खांद्यापासून कळ निघाली. दयाबाईंनी हे इतके उन्हाळे फिरवलं, आणि आपण वाचनालयात वर्तमानपत्राच्या घड्या मोडत बसलो. जाळीतून शेवया उतरू लागल्या. बारीक, बारीक, आणि मध्ये ती एक जाड. गुरुजी बघतच राहिले. बाया त्यांच्या घामाला हसत होत्या, एकीने त्यांना पाणी दिलं. ते एक वाक्य ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. या वेळी ते भ्याले नव्हते, या वेळी त्यांना मागवेचना.

निघताना आक्काबाईने वाळलेल्या शेवया प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायला घेतल्या. गुरुजींनी आपली पिशवी उघडून पुढे केली.

घरी दिवेलागणीला पोचले. दयाबाईंनी पिशवीत पाहिलं, एक जुडी उचलून दिव्याच्या उजेडात धरली.

“आपलं मशीन,” त्या म्हणाल्या.

“हं.”

“मागितलं न्हाई?”

“नाही. मागायलाच गेलो होतो. तिथे बाया बसल्या होत्या, अंगण भरून. दया, माझं चुकलं. लिलावात हात वर केला आणि भाषण करून आलो. तुला विचारायला हवं होतं.”

दयाबाईंनी उठून दूध तापवायला ठेवलं. खीर झाली. गुरुजींनी पहिला घास घेतला, आणि दातांखाली ती जाड शेवई आली.

“ही नेहमी माझ्याच वाटीत कशी येते?” त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हा प्रश्न तक्रार म्हणून विचारला नाही.

“येत न्हाई. घालावी लागती.”

“म्हणजे?”

“बाकीच्या समद्या मऊ हुत्यात. ती एकटी जरा दाताला लागती. तुमी वाचत वाचत जेवता. खीर घरची हाय, एवढं तरी तुमाला कळावं म्हनून घालत हुते.”

गुरुजींनी वाटी खाली ठेवली. जाळी बदल, जाळी बदल म्हणून आपण किती वर्षं हिच्या मागे लागलो होतो, ते त्यांना आठवलं, आणि मग पुढचे घास त्यांना नीट दिसेनात.

दुसऱ्या दिवशी ते उठले तेव्हा दयाबाई पीठ डब्यात भरत होत्या. लुगडं नेसून तयार होत्या.

“कुठे?”

“नेवाशाला. त्या आक्काबाईंकडं. राहीबाई बी येनार हायेत, त्यांच्या सुनेचं मशीन काल मोडलं. अश्विनीसाठी करून आनते.”

गुरुजी दारात घुटमळले. “मी येऊ?”

दयाबाईंनी डबा खाली ठेवला. आप्पासाहेबांच्या दुकानात गुरुजी चहाच्या पुड्याकडे बघत, तशा त्या नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघू लागल्या.

“तुमची मला गरज हाय का?” त्या म्हणाल्या. “दांडा फिरवायला मानूस लागतंय खरं. तुमच्यावाचून माझं अडतंय का? तसं काय अडत न्हाई. इतकी वर्सं न्हाई अडलं.”

गुरुजी मान खाली घालून तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत उभे राहिले.

“तुमच्यासारखं दुसरं घरात हाय का?” दयाबाईंनी घरभर नजर फिरवली, रिकाम्या माळ्याकडेही एकदा पाहिलं. “न्हाई,” त्या म्हणाल्या. “दुसरं न्हाई. पिशवी घ्या, चला.”